न मोजलेला लेपा

मथुराबाय, तू आणून दिलेला लेपा अजून माझ्या फ्रिजात आहे. वरच्या बर्फाच्या कप्प्यात, उजव्या कोपऱ्यात. तुला जाऊन आज बत्तीस दिवस झाले आणि लेपा येऊन सत्त्याहत्तर. मधल्या काळात सहा वेळा वीज गेली, त्यांतल्या दोनदा अख्खा दिवस. मासा खायच्या लायकीचा राहिलेला नाही. घरात विचारतात, हे गाठोडं कशाला जपलंय. आज तो बाहेर काढायचं ठरवलंय. त्याआधी तुझ्याशी बोलायचं आहे. तू होतीस तेव्हा तुझं घर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर होतं. मी आले नाही.

तेराव्याला मात्र आले. तुझ्या अंगणात बाया ओळीने बसल्या होत्या आणि तुझं कौतुक चाललं होतं. "हात मोठा होता गो तिचा." "कधी वायट मासळी पदरात टाकली नाय." आमच्या बचत गटातल्या मंजूने डोळ्याला पदर लावला. हीच मंजू, जिने शिमग्यानंतरच्या बाजारात तुझ्या ताडपत्रीच्या काठीला दुधाची रिकामी पिशवी टांगली होती आणि विचारलं होतं, "मथुराबाय, ही पिशवी माशाच्या बाहेरून देतेस का आतून?" त्या दिवशी सगळ्या बाजाराने दात काढले. तेराव्याला तिने दुसऱ्यांदा भात घेतला.

तू असतीस तर तिला तिथेच सोललं असतंस. तू गोड बाई नव्हतीस आणि मेलीस म्हणून मी तुला गोड करून लिहिणार नाही. आदल्या दिवशीची मासळी बर्फाखाली दाबून सकाळी तू वर मांडायचीस. मी तुला चारदा पकडलं. चारही वेळा तू म्हणालीस, "अगो, रातभर पानी प्यायलीय, ताजी झालीय ती." गिऱ्हाईक काळं असो, लंगडं असो, मूल नसलेलं असो, तुझ्या तोंडातून सुटत नसे. मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेते, तक्ते भरते, म्हणून तू माझं नाव मोजणीबाय ठेवलंस. बावीस वर्षांत माझं खरं नाव तू एकदाही उच्चारलं नाहीस. मी शहापूरच्या बाजारात शिरले की भांड्यांच्या दुकानासमोरून तुझी हाक यायची, "आली बघा मोजणीबाय! काटा आणलास का घरचा, का आज माज्यावर इस्वास हाय?"

"विश्वास नाही," मी म्हणायचे.

"मग बस इथं. इस्वास नाय ठेवनारी मानसं मना आवडतात. बाकीच्या मेल्या हसतात नि घरी जाऊन शिव्या देतात."

बावीस वर्षांत मी तुझ्याशिवाय कुणाकडून मासळी घेतली नाही. हे वाक्य नीट ऐकून ठेव, कारण सगळं नुकसान त्यातूनच झालं.

तुझी एक पद्धत होती. पापलेट, बांगडा, सुरमई घेतली तर तू तशीच तोलून द्यायचीस. कुणी विनवलं तरच कापायचीस, तेही कटकट करत. पण लेपा, शिंगाळा, ढोमा घेतला की विचारायच्या आधी तुझी सुरी पोटात जायची. झटक्यात आतडं बाहेर, मागच्या बादलीत. बाया खूश होत्या. त्यांना वाटायचं, मथुराबाय आपले हात वाचवते. फक्त मी कापू द्यायचे नाही. मला घरी आणून पोटासकट वजन करायचं असतं, साफ केल्यावर पुन्हा करायचं असतं. खोड म्हण. तुझी सुरी वर आली की मी म्हणायचे, "नको, अख्खा दे." तू दरवेळी एक क्षण थांबायचीस.

"घान कंला घरी नेतेस?"

"माझी घाण मी बघेन."

"बघ बघ. एक दिवस बघशील."

मी त्याला तुझा तिरसटपणा समजले. त्या तीन माशांमध्ये काय सारखं आहे, हे मी, आकड्यांची हौस असलेली बाई, वीस वर्षं विचारात घेतलं नाही. तिन्ही समुद्राच्या तळाशी राहतात. चिखल हुंगत, तळाशी जे पडलेलं असेल ते गिळत. तू शाळेत गेली नव्हतीस. पण कुठला मासा कुठे चरतो आणि त्याच्या पोटात काय निघतं, हे तुझ्या सुरीला पाठ होतं.

मागच्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर तुझ्याकडून आणलेला पहिला शिंगाळा मी चिरला आणि पोटातून निळा दोरा निघाला. वाटलं, जाळ्याचा तुकडा. ओढला तर त्याच्या मागून पातळ पिशवीचा चुरगळलेला कपटा आला आणि कसल्यातरी पुडीचा कोपरा, त्यावरची लाल रेघ अजून शाबूत. मी तो धुतला, वाळवला आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकला. जुन्या रजिस्टरची कोरी पानं होती, त्यांवर रकाने आखले. तारीख, मासा, वजन, पोटात काय. त्या दिवसापासून होळीपर्यंत तळाचे एकसष्ट मासे माझ्या विळीखालून गेले. सतरांच्या पोटात प्लास्टिक निघालं. बहुतेकांत दोरा, थोड्यांत पिशवीचे कपटे, एका ढोम्याच्या पोटात पेनाच्या टोपणाची फुटकी कड.

दहाएक मासे झाल्यावर मी तुला विचारलं. गिऱ्हाईक नव्हतं, तू पाटी धूत होतीस.

"तुला माहीत होतं ना?"

तू पाणी ओतायची थांबली नाहीस. "मग? मी आंधळी हाय का?"

"कधीपासून?"

"मी काय रजिस्टर ठेवते? पैल्यांदा दिसलं तवा दचकली. मग रोज दिसाय लागलं, मग कोन दचकनार?" मग तू सुरी पाटीवर आपटलीस. "तानशाच्या धरनाचं पानी इथून मुंबयला जातं ना? गोडं पानी. आपन देतो. त्याच्या बदल्यात मुंबय आपल्याला या पिशव्या धाडते, माशाच्या पोटात घालून. तू जाऊन मुंबयला विचार. मना कंला विचारतेस?"

"म्हणून तू कापून देतेस. लपवायला."

"लपवायला?" तू माझ्याकडे पाहिलंस. बावीस वर्षांत तेवढ्या एकाच वेळी तुझ्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "पोट फेकलं का त्यातलं गेलं. बायांची पोरं साफ मासा खातात. हे लपवनं हाय का राखनं हाय, ते तू ठरव. तुला मोजता येतं ना."

मी ठरवू शकले नाही. अजूनही शकत नाही. तू तुझा धंदा राखत होतीस हे खरं. त्याच झटक्यात पोरांच्या ताटातून ती घाण दूर करत होतीस, हेही खरं. माशाच्या मांसात आणखी बारीक काही उतरत असेल का, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही त्या रकान्यात मी रेघ मारते. तुझ्या त्या प्रश्नासमोर रेघच आहे.

मी निघाले तेव्हा तू मागून म्हणालीस, "मोजणीबाय, कोनाला बोलू नको."

"मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं लिव म्हनत नाय. बोलू नको म्हनते."

मी मान हलवली. तू ती होकार म्हणून घेतलीस. तुझं बरोबर होतं, तो होकारच होता.

होळीनंतर आमच्या बचत गटाची बैठक झाली. विषय कचऱ्याचा निघाला. गटारात पिशव्या, ओढ्यात पिशव्या, जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवत होता. माझ्या पिशवीत रजिस्टर होतं आणि बरणीही. ती मी तिथे का नेली होती, हे स्वतःला विचारायला मला बरेच महिने लागले. कुणाचं भलं करायचं होतं म्हणून नाही. सात महिने मी एक काम चोख केलं होतं आणि ते कुणी तरी बघावं, एवढीच हाव होती. मी बरणी काढली. एकसष्ट आणि सतरा सांगितले. बरणी या हातातून त्या हातात गेली, बायांनी नाकाला पदर लावले. मला फार बरं वाटलं.

मग मंजूने विचारलं, "कोनाची गो मासळी?"

मी म्हणाले, "मथुराबायची."

एवढंच. खोटं नव्हतं. रजिस्टरात दर ओळीत दुकान लिहायची गरज पडली नव्हती, कारण दुकान एकच होतं. "मी दुसऱ्या कुणाकडून घेतच नाही, म्हणून बाकीच्यांचं मला माहीत नाही," हे पुढचं वाक्य माझ्या जिभेवर यायला हवं होतं. अंगणवाडीत मी एका वाडीतल्या पोरांची वजनं घेऊन अख्ख्या तालुक्याबद्दल कधी बोलत नाही. तसं कुणी केलं तर मी त्याला खडसावते. आणि तुझ्या बाबतीत मी एकाच पाटीतले मासे मोजले आणि गप्प बसले. मी तुझी पक्की गिऱ्हाईक होते म्हणून माझ्या वहीत प्रत्येक मेलेला मासा तुझा होता. मी जरा कमी इमानी असते, चार ठिकाणी हिंडून घेणारी असते, तर तू वाचली असतीस.

पुढच्या बाजारात तुझ्यासमोरून बाया सरळ पलीकडे टेम्पो लावून मासळी विकणाऱ्या टेम्पोवाल्याकडे गेल्या. तो निळ्या ताडपत्रीखाली उभा, हातात मोजे, पुढे चकचकीत काटा. मंजूच्या पिशवीचा प्रकार त्याच दिवशीचा. मी दुपारी आले तेव्हा तुझी पाटी भरलेली होती आणि बर्फ विरघळून पाणी माझ्या चपलांपर्यंत येत होतं.

तू ओरडशील म्हणून मी तयारीने आले होते. तू ओरडली नाहीस. एक लेपा उचललास, सुरी लावली नाहीस, तसाच माझ्या पिशवीत टाकलास.

"घे. पोटासकट. लिव."

"मथुराबाय, मी खोटं—"

"नाय बोललीस. ठाव हाय मना." तू टेम्पोवाल्याकडे हनुवटी केलीस. "त्याची नि माजी मासळी एका गाडीनं येते, एका बर्फातून. भिवंडीत पाट्या एकमेकीला खेटून असतात. त्याचा टेम्पो नुसता इथं मांडायला, गाडीत त्याला जागा मीच करून दिली. त्याचे मासे कापलेस का कधी?"

"नाही."

"मग?" तू तो लेपा पिशवीतून परत काढून, शेपटीला धरून माझ्यापुढे नाचवलास. "याला बघ. दोन्ही डोळे एका अंगाला. दुसऱ्या अंगाला नुसती कातडी. तू अशीच. एका बाजूनं सगळं बारीक बघतेस नि दुसरी बाजू चिखलात."

मी म्हणाले, "टेम्पोवाल्याकडचेही बघते."

"कवा?"

"बघते."

नाही बघितले. चैत्र गेला, वैशाख गेला. कारणं माझ्याकडे होती आणि सगळी नीट मांडलेली होती. तुझे एकसष्ट, तर त्याचेही निदान तेवढेच व्हायला हवेत. पाच-दहा माशांवरून बोलणं चुकीचं. मग पावसाळ्याची मासेमारीबंदी आली, ती संपल्यावर सुरू करू. तुला एका शब्दात बुडवताना मला पुरावा कमी वाटला नव्हता. तुला वर काढताना मात्र एकसष्ट मासे हवे होते.

तोवर तुझी भरली पाटी एका छोट्या टोपलीवर आली. बंदी उठल्यावर तू दोन आठवडे बसलीस. प्लास्टिकची पिशवी देणं बंद केलंस, सागाच्या पानात मासा बांधून द्यायला लागलीस. बाया म्हणाल्या, "आता पानं गुंडाळून काय उपेग?" तिसऱ्या आठवड्यात तुझी जागा रिकामी होती. तिथे टेम्पोवाल्याच्या गिऱ्हाइकांच्या दुचाक्या लागायला लागल्या. लोक म्हणाले, पैसा झाला असेल, बसली घरी. मीही तेच धरून चालले. सोपं होतं.

आणि मग सत्त्याहत्तर दिवसांपूर्वी तू माझ्या अंगणवाडीत आलीस, शेणव्याच्या पलीकडे, फाट्यावर उतरून चालत. भात पिवळं पडायला लागलं होतं. मी एका तान्ह्या पोरीला काट्याच्या झोळीत घातलं होतं आणि काटा स्थिर व्हायची वाट बघत होते. तू दारात उंबऱ्याला धरून उभी राहिलीस. चालून दमलेली होतीस. मनगटातल्या बांगड्या कोपराकडे घसरत होत्या. हे मी पाहिलं. वजनाचा अंदाज माझा सहसा चुकत नाही. तुझ्यातून दहा-बारा किलो गेले होते. मी एक शब्द विचारला नाही.

"पोरीचं झालं का मना घाल झोळीत," तू म्हणालीस. पोरीची आई हसली. मी आकडा लिहीत राहिले.

ती आई गेल्यावर तू कनवटीला खोचलेली पानाची पुडी काढलीस. सागाच्या पानात बांधलेला लेपा, दोरीही केळीच्या सोपटाची. मोठा होता, पाव किलोच्या वर असेल.

"टेम्पोवाल्याचा हाय. आज सकाळी घेतला. मना द्यायला तयार नवता, म्हने तुला कंला हवा. घेतलाच. अख्खा हाय, हात लावला नाय. काप नि लिव."

मी पुडी हातात घेतली आणि म्हणाले, "हा मला मोजता येणार नाही."

"कंला?"

"मी स्वतः आणलेला नाही. कुठून आला, मधे काय झालं, मला माहीत नाही. बाहेरच्याने आणलेला मासा धरायचा नाही, असा नियम आहे."

"कोनाचा नियम?"

"माझा."

तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. मग हसलीस, नेहमीसारखी, पण आवाज पोटातून आला नाही. "म्हंजे मी त्याच्या पोटात पिशवी कोंबून आणली असं वाटतं तुला?"

मी "नाही" म्हणायला हवं होतं. मला तसं वाटलंही नव्हतं. पण नियम म्हटला की सगळ्या शक्यता धराव्या लागतात, म्हणून मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला किती सेकंद झाले ते मी मोजले नाहीत. मोजायची सवय नेमकी तिथे सुटली.

"ठेव," तू म्हणालीस. "नाय मोजायचा तर रांधून खा. बावीस वर्सं मासा दिला तुला, हा येक माज्याकडून."

"या रविवारी मीच आणते टेम्पोवाल्याकडून. सुरू करते."

"आन," तू म्हणालीस आणि उन्हात निघालीस. मी फाट्यापर्यंत सोडायला आले नाही. दोन पोरांची वजनं राहिली होती.

घरी येऊन मी तो लेपा पानासकट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली आणि बर्फात ठेवला. कापला नाही, रांधला नाही, टाकलाही नाही. रविवार आला. त्या रविवारी पाहुणे होते. पुढच्या रविवारी तक्ते पाठवायचे होते. मग दिवाळी. दिवाळीनंतर तुझी लेक चंदा रडत आली, तू गेल्याचं सांगत.

तिनेच सांगितलं, तुझ्या पोटात उन्हाळ्यापासून अन्न ठरत नव्हतं. तू कुणाला बोलली नाहीस. डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यांनी उशीर झाल्याचं सांगितलं. बाजारात दोन दिवसांत निष्कर्ष निघाला, "तीच मासळी खाऊन मेली. पोटात प्लास्टिक झालं असनार." हे मला मंजूने सांगितलं, आणि वर म्हणाली, "तू आधीच सांगितलं होतंस गो, खरी निघालीस."

मथुराबाय, मी खरी निघाले नाही. तुझ्या आजाराचा आणि माशाच्या पोटाचा काही संबंध आहे असं म्हणायला माझ्याकडे काडीचा आधार नाही. मी मंजूला तेच सांगितलं. तिने मान हलवली आणि तीच गोष्ट पुढच्या दुकानात जाऊन सांगितली. माझ्या सतराच्या आकड्याला आता तुझं प्रेत लागलं आहे.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या बाजाराला मी टेम्पोवाल्याकडे गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने विचारलं, "ताई, साफ करून देऊ?" मी म्हणाले, "अख्खे द्या." तोही एक क्षण थांबला. सुरी हातात घेऊन तुझ्यासारखाच थांबला. मला तिथेच कळलं, पण कळणं वहीत लिहिता येत नाही. मी मासे घरी आणले. मुरबाडच्या बाजाराला गेले, तिथे माझं माहेर आहे, वहिनीला वाटलं मी भेटायला आले. तिथल्या दोघींकडूनही घेतले. चार आठवडे आमच्या घरात आठवड्याला सहा मासे शिजले. नवरा म्हणाला, "आता मला कल्ले फुटतील." टेम्पोवाल्याचे बारा, मुरबाडचे बारा. बारांत चार, बारांत तीन. चोवीसांत सात. तुझे एकसष्टांत सतरा. शेकडा काढून बघ, नाहीतर राहू दे, तुला गरज नव्हतीच. चोवीस थोडे आहेत, हे मला कळतं. पण एवढं सांगायला पुरेत की तुझी पाटी वेगळी नव्हती. हे चार आठवड्यांचं काम होतं. चैत्रात केलं असतं तर वैशाखात संपलं असतं.

परवा गटाची बैठक होती. चंदा येत्या बाजारापासून तुझ्या जागेवर बसणार आहे. तिला तीच जागा हवी आहे आणि तुझंच नाव सांगून विकायचं आहे, म्हणून मला हे बोलायलाच हवं होतं. मी उभी राहिले. दुसरी बरणी पुढे ठेवली. सगळे आकडे सांगितले आणि तेव्हा न बोललेलं वाक्यही सांगितलं. मी फक्त तिच्याकडूनच घेत होते.

मग एक म्हणाली, "म्हंजे सगळीकडंच हाय."

"तळाच्या माशांत, हो. मी बघितले त्यांत."

"मग मथुराबायनं वेगळं काय केलं?"

"काही नाही. उलट पोटं काढून देत होती."

"मग तवा का नाय बोललीस?"

मंजू चहाचे कप गोळा करत होती. ती सहज म्हणाली, "आता काय करायचं उकरून? ती तर गेली. आनि आमी कुठं काय बोललो होतो? तू बोललीस." मग विषय संक्रांतीच्या वाणाकडे गेला. बरणी कुणी हातात घेतली नाही.

तिचं खरं होतं. पिशवी तिने टांगली, पण काठी मी उभी केली होती.

मी तिथून थेट चंदाकडे गेले. तिला आकडे दिले, लिहून. ती म्हणाली, "मावशी, मी पन पोटं काढूनच देईन. पन सगळ्यांच्या म्होरं, पाटावर. जे निघंल ते पाटावर ठेवीन. ज्याला नको त्यानं घेऊ नये." तुला हे आवडलं असतं की तू तिला मूर्ख म्हणाली असतीस, मला सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

आता लेपा.

आत्ता तो बाहेर काढला. पिशवीची गाठ मी मारलेली, ती कातरीने कापावी लागली. सागाचं पान काळं पडलंय आणि त्याचा लाल रंग माशाच्या पांढऱ्या अंगाला लागलाय. ज्या अंगाला डोळे नसतात त्या अंगाला. वास आहे. विळी घेतली, पोट उघडलं, पांढऱ्या ताटात धुतलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग खिडकीशी उजेडात नेऊन तिसऱ्यांदा.

चिखल आहे. शिंपल्यांचा चुरा आहे. एक अर्धवट जिरलेला किडा आहे. प्लास्टिक नाही. एक दोरासुद्धा नाही.

टेम्पोवाल्याच्या पाटीतून भांडून आणलेला, पानात बांधून, आजारी अंगाने फाट्यापासून चालत माझ्यापर्यंत पोचवलेला तुझा हा एकुलता साक्षीदार, आणि तो साफ निघाला. त्या दिवशी मी नियम मोडला असता, तुझ्यासमोर हा कापला असता, तर मी काय केलं असतं हे मला पुरतं ठाऊक आहे. ताट तुझ्यापुढे धरून म्हटलं असतं, "बघ, याच्यात नाही." आणि वहीत लिहिलं असतं, टेम्पोवाला, मासे एक, प्लास्टिक शून्य. ते शून्य घेऊन तू उन्हातून परत गेली असतीस. आणि बैठकीत कुणी विचारलं असतं तर मी तेही सांगितलं असतं, कारण खोटं नव्हतं.

वही समोर उघडी आहे. पेन हातात आहे. चोवीसाव्या ओळीखाली जागा आहे. तिथे हा लिहिला तर टेम्पोवाल्याचे तेरांत चार होतील, तुझी बाजू तेवढी हलकी पडेल.

बाहेरच्याने आणलेला मासा धरायचा नाही. हा नियम मी तुझ्या तोंडावर फेकला होता, तेव्हा तू विचारलं होतंस, कोणाचा. माझा. आज तो तुझ्यासाठी पाळते आहे. चोवीस होते, चोवीसच ठेवले.